वाचकांचे प्रश्न : सव्हानाचा लमार आणि त्याच्या कापसाच्या गासड्या

गेल्या अंकात अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवीच्या (१८६१-६५) काळातल्या मुंबईच्या कापूसतेजीवर लेख होता. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘सव्हाना बंदराचा ह्यूगेनॉट वंशाचा व्यापारी गॅझवे बग लमार’ एवढाच एका ओळीचा उल्लेख होता, पण पत्रं आली ती बहुतेक त्या ओळीवरच. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : लमार हा ह्यूगेनॉट वंशाचा असं लेखात होतं. ह्यूगेनॉट म्हणजे कोण? आणि फ्रान्समधली माणसं अमेरिकेच्या दक्षिणेत कशी पोचली? (दापोली)

ह्यूगेनॉट म्हणजे फ्रान्समधले कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्यांना धर्म पाळायची मुभा मिळाली होती. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती काढून घेतली आणि लाखाच्या वर माणसं देश सोडून हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंडकडे गेली. त्यांतली काही पुढे अमेरिकेत उतरली. दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन हे त्यांचं मोठं ठाणं.

म्हणून लमारचे पूर्वजही १६८५ नंतर पळून आलेले असणार, असं सहज धरलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. थॉमस आणि पीटर लमार या भावांना मेरीलँड वसाहतीने नागरिकत्व दिलं ते १६६३ मध्ये, म्हणजे फर्मान रद्द होण्याच्या बावीस वर्षं आधी. कागदात ते ‘फ्रान्सच्या राजाचे प्रजाजन’ आहेत. ह्यूगेनॉट असणं ही घराण्यात चालत आलेली सांगी आहे. कोकणात अनेक घराण्यांच्या मूळपुरुषाची गोष्ट अशीच असते : गावाचं नाव पक्कं, साल मात्र घसरलेलं.

गॅझवेचा जन्म १७९८ चा, जॉर्जियातल्या ऑगस्टाजवळचा. दुसऱ्या लग्नाची बायको हॅरिएट काझनोव्ह ही जिनिव्हाहून आलेल्या ह्यूगेनॉट व्यापारी घराण्यातली. टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हा त्याचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला मिराबो लमार हा गॅझवेचा चुलत नात्यातला.

धंदा अडत्याचा. मळेवाल्याला पिकावर उचल द्यायची, बियाणं-कापड-अवजारं पुरवायची, कापूस आला की विकून द्यायचा आणि दलाली कापून घ्यायची. दलाली साधारण शेकडा अडीच, पण खरी कमाई उचलीवरच्या व्याजात आणि वाहतुकीत. म्हणून हे अडते बोटींत आणि बँकांत शिरत. लमारही शिरला, आणि पुढचं त्याचं सगळं आयुष्य नदीतून समुद्रापर्यंत कापूस पोचवण्याभोवती फिरत राहिलं.

प्रश्न : १८३४ मध्ये त्याने इंग्लंडहून लोखंडी आगबोट तुकड्यांत आणवली म्हणे. हे जमतं कसं? आमच्याकडे लाकडी होड्या बांधतात, तेव्हा हे समजून घ्यायचं आहे. (जैतापूर खाडी)

बोटीचं नाव ‘जॉन रँडॉल्फ’. लांबी १०० फूट, रुंदी २२ फूट. सुटे भाग बर्कनहेडच्या जॉन लेर्ड यांच्या कारखान्यात तयार झाले, जहाजाने सव्हानाला आले, तिथल्या धक्क्यावर जोडले गेले आणि ९ जुलै १८३४ ला बोट पाण्यात गेली. त्याआधी १८२५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘कोडोरस’ ही लोखंडी बोट झाली होती, पण धंद्यात टिकलेली अमेरिकेतली पहिली लोखंडी आगबोट ही लमारची.

आधी लोखंड कशासाठी ते पाहू. सव्हाना नदी वर ऑगस्टापर्यंत उथळ. कापूस वेचून, सरकी काढून, गासड्या बांधून तयार होतो तो नेमका नदीला पाणी कमी असताना. तेवढ्याच ताकदीचं लोखंडी कवच लाकडी कवचापेक्षा हलकं होतं. लाकडात जाड फळ्या आणि त्यामागे जाड वाक, म्हणजे लाकडी फासळ्या, लागतात. लोखंडात पाव इंचाच्या आसपासचा पत्रा आणि कोनपट्ट्यांच्या फासळ्या पुरतात. कवच हलकं म्हणजे बोट कमी बुडते, आणि कमी बुडते म्हणजे लाकडी बोट वाळूत रुतून बसते त्या दिवसांतही ही चालते. ओहोटीला खाडीत वीतभर पाण्याची किंमत काय असते हे तुम्हाला सांगायला नको. दुसरा फायदा : खाऱ्या-मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा किडा लोखंडाला लागत नाही, आणि फळ्यांच्या फटींत दरवर्षी कापूस ठासायचं काम उरत नाही.

आता जोडणी. अशा बोटी कारखान्यात एकदा उभ्या करत, पण रिवेट न मारता नुसत्या बोल्टांवर. पत्रे जुळले की प्रत्येकावर रांग आणि क्रमांक रंगवायचा, बोल्ट काढायचे आणि पत्रे एकात एक बसतील असे गठ्ठे बांधायचे. पोचल्यावर आधी पठाण, म्हणजे बोटीचा तळाचा कणा, सरळ ओळीत मांडायची, मग फासळ्या, मग खालून वर पत्रे. रिवेटला चार जण लागतात. एक भट्टीवर रिवेट लाल करतो, दुसरा चिमट्याने भोकात घालतो, तिसरा आतून जड हातोडा टोपीवर दाबून धरतो, चौथा बाहेरून शेपूट ठोकून दुसरी टोपी बनवतो. रिवेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळतो. पाणी अडतं ते या आवळण्यामुळे. शेवटी पत्र्याची कड बोथट छिन्नीने चेपून फट बुजवतात.

चूक होते ती भोकांत. प्रवासात पत्रा वाकला की भोकं एकासमोर एक येत नाहीत. मग कारागीर निमुळती पहार घालून भोक ओढून जुळवतात. त्यात भोक लांबट होतं, रिवेट ते पूर्ण भरत नाही आणि तिथून गळती लागते. योग्य उपाय म्हणजे भोक नव्याने मोठं करून जाड रिवेट घालणं. त्याला वेळ लागतो, म्हणून टाळतात. खाऱ्या पाण्यात गंज, आणि तळाला चिकटणारी शिंपल्यासारखी कवचं, हे दोन त्रास वेगळेच. तांब्याचा पत्रा मारून लाकडी तळ स्वच्छ राहत असे. लोखंडावर तांबं थेट मारलं तर खाऱ्या पाण्यात लोखंडच झपाट्याने झिजतं. लमारची बोट मुख्यतः नदीत चालणारी, म्हणून हा त्रास तिला कमी.

हीच युक्ती लेर्डने लगेच आपल्या बाजूलाही वापरली. भारताकडे येणारा नदीमार्ग शोधायला निघालेल्या इंग्रजांच्या १८३५-३६ च्या युफ्रेटिस मोहिमेच्या दोन आगबोटी तुकड्यांत सीरियाच्या किनाऱ्यावर उतरवून जमिनीवरून नदीपर्यंत ओढत नेल्या होत्या.

प्रश्न : लमारचं कुटुंब बोटीच्या अपघातात गेलं असं वाचलं. ‘रामदास’सारखाच प्रकार होता का? (रेवस)

दोन्ही दुर्घटनांत माणसं किनारा फार दूर नसताना गेली, पण कारणं वेगळी. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. पावसाळी लाट, एका बाजूला धावलेली गर्दी आणि उलटलेली बोट. ६०० हून अधिक माणसं गेली. ‘पुलास्की’चा बॉयलर फुटला.

‘पुलास्की’ सव्हाना-चार्ल्सटन-बाल्टिमोर मार्गावरची आगबोट. लमार तिच्या भागीदारांपैकी एक. १४ जून १८३८ ला सकाळी ती चार्ल्सटनहून निघाली आणि रात्री अकराच्या सुमारास, उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून साधारण तीस मैलांवर, उजव्या बाजूचा बॉयलर फुटला. पाऊण तासात बोट दुभंगून बुडाली. बोटीवरच्या पावणेदोनशेहून अधिक माणसांपैकी तिसरा हिस्सा वाचला. लमारची पहिली बायको जेन आणि एक सोडून बाकी सगळी मुलं गेली. तो, थोरला मुलगा चार्ल्स आणि बहीण रिबेका वाचली. मोडक्या डेकच्या तुकड्यांवर तरंगणाऱ्या तीस जणांना ‘हेन्री कॅमरडन’ या शिडाच्या जहाजाने पाचव्या दिवशी उचललं.

कारण म्हणून जे सांगितलं गेलं ते बंब वापरलेल्या कोणालाही कळेल. बंबात पाणी नसताना मधल्या नळीत जाळ चालू राहिला की तांबं लाल होतं आणि डाख सुटतो. त्यात कोणी गडबडीने गार पाणी ओतलं तर फस्सकन वाफ तोंडावर येते. बंब वरून उघडा असतो म्हणून निभावतं. बॉयलर बंद. पाण्याची पातळी खाली गेली की जाळावरचे पत्रे उघडे पडतात, तापून मऊ होतात, आणि आतला नेहमीचा दाबही त्यांना पेलत नाही. त्यात पंपाने गार पाणी आलं की एकीकडे पत्रा आखडून तडकतो, दुसरीकडे पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत साधारण सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते. सुरक्षा झडप हळू वाढणारा दाब सोडण्यासाठी असते. एवढी वाफ एवढ्या वेळात तिच्यातून जात नाही. ‘पुलास्की’च्या इंजिनवाल्याने रिकाम्या झालेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

पातळी पाहायला त्या काळी बॉयलरवर एकाखाली एक तीन तोट्या असत. वरची उघडली तर वाफ यावी, मधलीतून वाफ-पाणी मिसळ, खालचीतून पाणी. खालचीतूनही वाफ आली की नियम एकच : पंपाला हात लावायचा नाही, आधी जाळ ओढून काढायचा, बॉयलर थंड होऊ द्यायचा. प्रवासी ताटकळतात, कप्तान ओरडतो, आणि नेमकं तेच केलं जात नाही. समुद्रातल्या बोटींना आणखी एक अडचण होती. बॉयलरमध्ये खारं पाणीच वापरत. मीठ साचू नये म्हणून अधूनमधून थोडं दाट पाणी बाहेर सोडावं लागे, आणि सोडलं की पातळी उतरे.

त्याच वर्षी ७ जुलैला अमेरिकेत आगबोटींच्या तपासणीचा पहिला कायदा झाला : बॉयलर सहा महिन्यांनी, बोट वर्षाने. त्याला जोर नव्हता. दाबाची चाचणी आणि इंजिनवाल्यांना परवाना १८५२ च्या कायद्याने आला. बुडालेली ‘पुलास्की’ २०१८ मध्ये पाणबुड्यांना सापडली. वर आलेल्या वस्तूंत एक सोन्याचं खिशातलं घड्याळ होतं. काटे अकरा वाजून पाच मिनिटांवर थांबलेले.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये बँक काढणारा माणूस दक्षिणेच्या नोटा कशा छापून देतो? (रत्नागिरी)

१८४० च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला, १८५१ मध्ये तिथे बँक ऑफ द रिपब्लिक उभी केली आणि तिचा अध्यक्ष झाला. १८६१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या नव्या सरकारला नोटा हव्या होत्या आणि तसं बारीक कोरीवकाम करणारे कारखाने दक्षिणेत नव्हते. लमारने न्यूयॉर्कच्याच नॅशनल बँक नोट कंपनीकडून काम करून घेतलं. ५०, १००, ५०० आणि १००० डॉलर अशा चार किंमती. खरं तर ही व्याजाची कर्जपत्रं : १०० डॉलरला दिवसाला १ सेंट, म्हणजे वर्षाला ३.६५ टक्के. ५०० आणि १००० च्या प्रत्येकी ६०७ च नोटा निघाल्या. आज नाणेसंग्राहक त्यांच्यामागे असतात. एप्रिलमध्ये युद्ध पेटलं, हा रस्ता बंद झाला, आणि लमार सव्हानाला परतला.

प्रश्न : नाकेबंदी फोडून कापूस बाहेर कसा काढत? आणि त्याचा आपल्या किनाऱ्याशी खरंच काही संबंध होता का? (राजापूर)

दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी लिंकनने १९ एप्रिल १८६१ ला पुकारली. सव्हानाचं तोंड राखणारा फोर्ट पुलास्की ११ एप्रिल १८६२ ला पडला आणि ते बंदर जवळपास मेलं. मग वाहतूक वळली उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनकडे. केप फियर नदीला मुखं दोन, मध्ये उथळ भाग आणि तोंडावर फोर्ट फिशरच्या तोफा. पहारा करणाऱ्या जहाजांना दोन्ही तोंडं राखावी लागत. तिथून बर्म्युडा किंवा बहामातलं नासाऊ तीनेक दिवसांवर. लमारने १८६३ मध्ये यासाठीच जॉर्जियाची आयात-निर्यात कंपनी काढली.

बोटी लांबट, अरुंद, कमी बुडणाऱ्या, बाजूच्या पाणचाकांवर चालणाऱ्या. रंग करडा, डोलकाठ्या आखूड, धुरांडं दुर्बिणीसारखं आत सरकणारं. कोळसा अँथ्रासाइट, कारण त्याला धूर कमी. साधा कोळसा भरावा लागला की दिवसा क्षितिजावर धुराची रेघ आणि रात्री ठिणग्या. पकडल्या गेलेल्या अनेक बोटींची कथा एवढीच. तोंडाशी थांबायची वेळ आली तर वाफ पाण्याखाली सोडत, नाहीतर तिचा आवाज मैलभर जातो.

निघायची रात्र अमावास्येच्या आसपासची. अंधार हवाच, पण वाळूच्या पट्ट्यावरून जायला उधाणही हवं, आणि अमावास्येला दोन्ही मिळतात. आपल्याकडचा ‘तिथी गुणिले पाऊण’ हा भरतीच्या वेळेचा हिशेब तांडेलांना तोंडपाठ असतो. प्रत्येक बंदराची भरती वेगळ्या घटकेला येते म्हणून तो आकडा तिथे चालायचा नाही, पण चंद्रावरून तारीख ठरवायची रीत तीच.

पैशाचा हिशेब असा मांडता येतो. एक हजार गासड्या, गासडी सुमारे ४५० पौंडांची, म्हणजे साडेचार लाख पौंड कापूस. लिव्हरपूलला १८६० मध्ये पौंडाला सहा-सात पेन्स भाव होता. १८६४ मध्ये तो चौपट. २४ पेन्स धरला तरी एका खेपेचे ४५,००० पौंड स्टर्लिंग. खरेदी याच्या लहानशा हिश्शात होई. म्हणून दोन खेपा सुखरूप झाल्या आणि तिसरीत बोट गेली तरी मालक नफ्यात राही. लमारच्या कंपनीचं गाडं अडलं ते आपल्याच सरकारपाशी : १८६४ च्या नियमांनी निम्मी जागा सरकारी मालाला द्यायची सक्ती केली. जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राऊन यावर दक्षिणेच्या मध्यवर्ती सरकारशी भांडला, कंपन्या बोटी अडवून बसल्या, आणि अंधाऱ्या रात्री फुकट गेल्या.

संबंधाचं म्हणाल तर तो डोळ्यांसमोरून जात होता. दक्षिणेचा कापूस थांबला म्हणूनच मुंबईला भाव आला. कोकणात कापूस पिकत नाही, पण धारवाडकडचा घाट उतरून कुमठ्याला येई आणि तिथून पडाव-फतेमाऱ्यांतून वेंगुर्लं, मालवण, रत्नागिरीवरून मुंबईला जाई. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला कुमठ्याच्याच नावाने ओळखत. गंमत अशी की यातला काही कापूस ‘धारवाड-अमेरिकन’, म्हणजे अमेरिकन बियाणं आणून इथे रुजवलेला. सगळा माल पावसाआधी काढावा लागे. जूनला बंदरं बंद. घाईत वजन वाढवायला पाणी मारणं, सरकी आणि वाळू मिसळणं एवढं बोकाळलं की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. ओला कापूस गासडीत कुजून पिवळा पडतो, आणि ती गासडी लिव्हरपूलला फुटली की पुढच्या दहा गासड्यांचा भाव पाडते.

प्रश्न : एवढा पैसा गुलामांच्या कष्टाचा ना? लेखात त्यावर शब्द नव्हता. (मालवण)

बरोबर, आणि ती उणीव आमची. लमार स्वतः गुलाम बाळगत होता, आणि तो ज्या कापसावर उचल देत होता तो गुलामांनी वेचलेला. मुलगा चार्ल्स त्याच्याही पुढचा. अमेरिकेत गुलाम आयात करायला १८०८ पासून बंदी होती, तरी ‘वाँडरर’ या शर्यतीच्या शिडाच्या नौकेतून त्याने नोव्हेंबर १८५८ मध्ये सुमारे ४०० आफ्रिकी माणसं जॉर्जियाच्या जेकिल बेटावर उतरवली. चारशेच्या पुढे जी चढवली होती ती वाटेतच मेली. खटले झाले, या आयातीबद्दल जॉर्जियाच्या ज्यूरीने कोणालाही दोषी धरलं नाही. ‘पुलास्की’तून वाचलेला हा चार्ल्स १६ एप्रिल १८६५ ला, दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीनंतर आठवड्याने, जॉर्जियातल्या कोलंबस गावच्या लढाईत मारला गेला. लमारच्या हिकमतींचं कौतुक करताना त्या गासड्या कोणी भरल्या हे लिहायला हवं होतं.

प्रश्न : युद्ध हरलेल्या बाजूच्या माणसाला सरकारने जप्त कापसाचे पैसे परत कसे दिले? (देवगड)

उत्तरेचा सेनापती शेर्मन याचं सैन्य २१ डिसेंबर १८६४ ला सव्हानात शिरलं. दुसऱ्या दिवशीच्या तारेत त्याने लिंकनला शहर नाताळची भेट म्हणून देऊ केलं, सोबत दीडशे तोफा आणि सुमारे २५,००० गासड्या कापूस. त्यांत लमारच्याही होत्या. सरकारने कापूस न्यूयॉर्कला नेऊन विकला आणि पैसे तिजोरीत भरले.

१२ मार्च १८६३ च्या कायद्याप्रमाणे असा माल गेलेल्याला दाव्यांच्या न्यायालयात जाता येई. सिद्ध करायच्या गोष्टी तीन : माल माझा होता, विक्रीचा पैसा तिजोरीत गेला, आणि मी बंडाला मदत केली नाही. मुदत बंड संपल्यापासून दोन वर्षं. बंड संपल्याची तारीख पुढे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १८६६ धरली. नोटा छापवून देणारा आणि नाकेबंदी फोडणारा माणूस तिसऱ्या अटीत बसणार कसा?

तिथे त्याला जानेवारी १८६५ मध्ये घेतलेली एक शपथ कामी आली. लिंकनने ८ डिसेंबर १८६३ ला माफी जाहीर केली होती. ठरावीक वर्ग वगळता जो एकनिष्ठेची शपथ घेईल त्याला माफी आणि गुलाम सोडून बाकी मालमत्तेचे हक्क परत. लमारने सव्हाना पडताच ती घेतली. मे १८६५ पर्यंत थांबला असता तर अडकला असता, कारण लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सनच्या नव्या जाहीरनाम्यात २० हजार डॉलरांवर मालमत्ता असणाऱ्यांना वगळलं होतं. त्यांना एकेकट्याने अर्ज करावा लागे. १८७० मध्ये सव्हानाच्याच पॅडलफर्ड नावाच्या व्यापाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माफी मिळालेला माणूस कायद्याच्या नजरेत निष्ठावान. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे उलटवायला कायदा केला, तो १८७२ मध्ये क्लाइनच्या दाव्यात न्यायालयाने रद्द केला.

शपथ झाली, तरी मालकी सिद्ध करायची राहिलीच. गासडीवर मालकाची खूण असते, आपल्या आंब्याच्या पेटीवर बागेचं नाव असतं तशी. युद्धमंत्री स्टँटन याने सव्हानातल्या गासड्यांवरच्या खुणा पुसून टाकायला सांगितल्या, म्हणजे कोणाला आपला माल ओळखता येऊ नये. शेर्मनने स्वतः हे नोंदवून ठेवलं आहे, आणि त्याचा परिणाम उलटा झाला असंही म्हटलं आहे : खुणाच नाहीत म्हटल्यावर जप्त मालाच्या तिप्पट दावे आले. मग भिस्त राहिली वखारीच्या पावत्यांवर, वजनाच्या चिठ्ठ्यांवर, हिशेबवह्यांवर आणि वखारवाल्यांच्या साक्षींवर. चाळीस वर्षं अडत केलेल्या माणसाकडे ते कागद होते. ज्यांनी उचलीपोटी तोंडी व्यवहार केले होते त्यांचे दावे पडले. मिळे तेही खर्च वजा जाता उरलेला पैसा, बाजारभाव नव्हे.

मधल्या काळात लिंकनच्या खुनानंतर तो वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल तुरुंगात काही महिने बसून आला, आणि सरकारने जप्त केलेला कापूस पळवल्याच्या आणि अधिकाऱ्यांना लाच देऊ केल्याच्या आरोपावरून लष्करी आयोगापुढे उभाही राहिला. दाव्याचा निकाल १८७४ मध्ये लागला : पावणेसहा लाख डॉलरांहून थोडी अधिक रक्कम. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला तो न्यूयॉर्कमध्ये वारला.

प्रश्न : नाव ‘लामार’ लिहावं की ‘लमार’? (वेंगुर्ले)

लमार. जोर शेवटच्या अक्षरावर. जुन्या कागदांत ‘लमोर’ही सापडतं.